एकेरी टीप

काटा आणि सुरी यांच्या मधोमध, पांढऱ्या कापडावर, दोऱ्याचं एक टोक उभं होतं – नखाएवढंही नाही, मेणाने किंचित पिवळं पडलेलं – आणि ते आपल्याच हातचं आहे हे डोळ्यांआधी तिच्या बोटांना कळलं. टेबलावर अंथरलं होतं ते शीड होतं. शर्यत जिंकून आलेल्या नौकेचं शीड वार्षिक मेजवानीला लांब टेबलावर पसरायचं, हा क्लबचा जुना रिवाज; वीस वर्षं शिडं शिवताना तिने तो नुसता ऐकला होता. मागच्या दाराशी गठ्ठा देऊन परतणाऱ्याला मेजवानीचं दालन कुठलं दिसायला? आज आमंत्रण होतं. पुढच्या दाराने.

"खांदे सैल सोड," शेजारून दादा पुटपुटला. बेतणं-कापणं त्याचं, शिलाई तिची. कारखाना दोघा भावंडांचा. "फोटोला बसल्यासारखी काय बसलीस? आणि सूप भुरकू नकोस हं, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा मागचं दार."

"तू आधी मिशा सांभाळ."

पण ती बघत होती – उंच काचांमधून उतरलेलं दुपारचं ऊन, तुळयांना टांगलेली निशाणं, चाळीस माणसांची ताटं, आणि त्या सगळ्यांखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेलं ते पांढरं... एवढं मोठं असतं? कारखान्यात ते घडीघडीने गुडघ्यांवर यायचं. अख्खं तिने कधी पाहिलंच नव्हतं.

घंटा वाजली. सगळे उठले, गप्प झाले, आणि जेवणाआधीच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने दोन्ही तळवे शिडावर टेकले. तिच्या उजव्या हाताखाली नेमका शिडाच्या दोन पट्ट्यांमधला तो जोड आला. तिथे दोन टिपा हव्या होत्या; होती एक. त्या दिवशी मशीनची सुई मोडली, नौका सुटायला तास उरलेला, दादा तापाने फणफणलेला – दुसरी टीप परत आल्यावर मारू, असं म्हणत तिने घडी घातली होती... परत आल्यावर. आणि आली नसती तर? शर्यतीचे ते नऊ दिवस खिडकी वाऱ्याने आपटली की ती हातातलं काम टाकून उभी राहायची, मनातल्या मनात टिपा मोजायची – एक. एकच.

"तिसऱ्या दिवशी डोलकाठी वाकली," सगळे खाली बसल्यावर त्या नौकेची कप्तान सांगत होती – पांढऱ्या केसांची, उन्हावाऱ्याने रापलेली बाई. "दोर तुटले. शिडाचा मात्र एक टाका उसवला नाही. ताई, उभ्या राहा बघू!"

टाळ्या. दादाने कोपराने ढोसलं. त्याचे डोळे भरले होते.

"पुढच्या महिन्यात हेच शीड घेऊन निघतेय. या खेपेला नातही आहे सोबत," कप्तान म्हणाली. "एकदा नजर टाकाल, की अशीच घडी घालू?"

ती उभी राहिली. टाळ्या थांबल्या. पेल्यांमधून, ताटांखालून ती एकेरी रेघ सरळ कप्तानच्या हातांपर्यंत गेली होती – इतकी बारीक, की ठाऊक नसेल त्याला दिसूही नये – आणि तिच्यावर नऊ दिवस समुद्र रेलला होता. त्याने तोडायचं मनात आणलं नाही, एवढंच. यात तिची करामत नव्हती. जी लाज ती महिनाभर जपत आली होती, तीही त्या समुद्रापुढे अगदी चिमुकली वाटली. काचेपलीकडे पाणी निजल्यासारखं पडलं होतं. सांगायचं काय ते आता तिला माहीत होतं – घडी घालू नका, एक टीप राहिलीय. त्या निजलेल्या समुद्रापाशी बोलताना आवाज केवढा काढावा, एवढंच कळेना...