तेरा मंगळवारांची शेपटी

पाण्यात ठेवलेल्या जाळीपेटीतून तुविरा नाहीसे होऊ लागले, तेव्हा इदालिनाबाईंनी कुणाला बोल लावला नाही. संत अंतोनियोपुढे मेणबत्ती लावली. हरवलेलं शोधून देणं हे त्याचंच काम.

तुविरा म्हणजे सुरीच्या पात्यासारखा वीतभर मासा. मोठ्या माशांसाठी गळाला लावायचा. एरवी पकडला की आठवड्यात विकला जाई. पण मासेमारीबंदीचे महिने होते, म्हणून ओढ्याकाठच्या बायकांनी आपापला साठा जपला होता.

प्रार्थनेतच युक्ती सुचली. बाईंनी खुणेसाठी कात्रीने आपल्या प्रत्येक माशाच्या शेपटीचं टोक नखभर उडवलं. आठवड्यात सात कमी झाले. संशय शेजारच्या झुल्मीरावर होता, पण रागात आळ घेणं पाप. ‘गेलेलं परत आणून दे’ एवढाच नवस बोलून बाईंनी अंतोनियोच्या तेरा मंगळवारांचं व्रत धरलं. तोवर तिच्या पेटीत डोकावायचं नाही, चकार शब्द काढायचा नाही. त्यांचे स्वतःचे मासेही दिवसभर जलपर्णीखाली दडून असत, नीट नजरेस पडत नसत.

तेरावा मंगळवार हंगामाच्या पहिल्याच दिवशी आला. होड्यांच्या मिरवणुकीत कोळ्यांच्या संत पेद्रोचा झेंडा धरायचा मान एकोणीस वर्षं बाईंचा. झेंडा बाजूला टेकवून त्या शांतपणे म्हणाल्या, “झुल्मीरा, पेटी उघड. कापल्या शेपटीचे ते माझे. खोटी ठरले तर झेंडा सोडते.”

“बघा की. माझे मासे काही लाजत नाहीत.”

एकूण एक शेपटी अखंड होती.

“आता तुमची उघडा, बाई.”

तीही उघडली. तिथेही सगळ्या शेपट्या शाबूत.

“अगं बाई,” झुल्मीरा म्हणाली, “मग हे कुणाचे मासे पोसत होतात इतके दिवस?”

काठावर हशा पिकला. वस्तीचे पुढारी बेनेदितोकाका डोकं खाजवत म्हणाले, “शेपटी पुन्हा फुटते वाटतं ह्याला. आपल्याकडे जगलाय कधी इतका, कळायला? पण बाई, पुरावा गेला तुमचा.”

बाईंनी क्षमा मागितली आणि झेंडा झुल्मीराच्या हाती दिला. नव्या शेपटीचं टोक किंचित फिकट असतं, हे त्यांना पेट्या बंद होता होता दिसलं. झुल्मीराच्या पेटीतही तसे सात होते. पण मागितलेली क्षमा परत कशी घ्यायची? शिवाय होड्या निघाल्या होत्या.

घरी येऊन त्यांनी अंतोनियोपुढे आणखी एक मेणबत्ती लावली. गेलेलं त्याने परत आणून दिलं होतं, नखभरही कमी नाही. नवस बोलताना मासे म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं.