फ्रिजमधला नर

आमचे सासरे दर रविवारी फ्रिज धुतात. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म गेला, त्यामुळे कुठे कणभर घाण दिसली की त्यांना चैन पडत नाही. एरवी मला त्याचं कौतुकच आहे. पण त्या रविवारी त्यांनी फ्रिजमधला माझा डबा बाहेर काढला, आतलं शेवाळ ओलं लागलं म्हणून झाकण उघडून वाळायला खिडकीत उन्हात ठेवला आणि विसरून गेले.

डब्यात कोष होता. मी फुलपाखरं वाढवण्याच्या केंद्रात काम करते. आमच्या टेकडीवरचं हे फुलपाखरू दुसरीकडे कुठेही नाही, आणि यंदा टेकडीवरही एकसुद्धा दिसलं नव्हतं. उरले होते केंद्रातले दोन कोष, एक नराचा, एक मादीचा. नराला भारी घाई. तो आधी बाहेर येतो, चार दिवस भिरभिरतो आणि मादी यायच्या आत मरतो. म्हणून त्याला गारठ्यात ठेवून रोखायचं. केंद्रातला फ्रिज नेमका बंद पडला, म्हणून डबा घरी आणला होता.

सोमवारी टेकडीवरून परतले तर नर पडद्यावर बसलेला. मादीला अजून आठवडा होता.

"बाबा, काय करून ठेवलंत हे? हात लावायच्या आधी विचारलं असतं तर जीभ झिजली असती का?" माझं तोंड एकदा सुटलं की सुटलं.

ते पडद्याजवळ जाऊन वाकून बघू लागले. मग म्हणाले, "जगवायचं कसं, ते सांग."

सांगितलं. साखरपाण्याचा थेंब घ्यायचा, फुलपाखराची गुंडाळलेली सोंड सुईने उलगडायची आणि त्यात टेकवायची. मी पडले धसमुसळी. बाबांनी डोळ्याला भिंग लावून हळूच सोंड उलगडली. पुढे सकाळ-संध्याकाळ हेच, आणि बाकीचा वेळ नर फ्रिजमध्ये. "जावईबापूंचं जेवण झालं," असा मला केंद्रात फोन यायचा.

केंद्रात मादी बाहेर आली आणि मी तिला घरी आणलं, तेव्हा नर जिवंत होता, पण पंखांच्या पार चिंध्या झाल्या होत्या. तो तिच्याकडे फिरकेना. शेवटी मी दोघांना हातात धरलं आणि पोटाची टोकं जुळवून पाहिली. टेकली, क्षणभर राहिली, सुटली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाबा शेजारी श्वास रोखून उभे होते. सकाळी नर मेलेला होता.

"काम करून गेला गडी," बाबा म्हणाले.

मादीने पानांवर अंडी घातली तेव्हा त्यांनी सगळ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगितलं. पानं घरीच ठेवायला लावली. उठल्या उठल्या भिंग लावून बसायचे.

मी काही बोलले नाही. खरी जोडी लागली की तासभर सुटत नाही, आणि मादी जोडी न लागताही पोकळ अंडी घालते, हे मला ठाऊक होतं.

एके दुपारी त्यांनी भिंग खाली ठेवलं. "चेपलीत गं सगळी. अशीच होतात का?"

"नाही, बाबा. पोकळ होती. पहिल्यापासूनच."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही जेवला नसता."

"आता तरी कुठे जेवणार आहे," ते म्हणाले.

तरी मी दोघांची ताटं वाढली. ते मुकाट्याने जेवायला बसले. मी मात्र पहिलाच घास हातात धरून बसले. बाबांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला.