बर्थाच्या तुसातून निघालेला धूर

१९९६च्या डिसेंबरात अर्नाळ्याजवळ बर्थाच्या कोंबड्यांच्या शेडपुढे अर्धं गाव लोटलं होतं. आत भस्मेबाबा जमिनीवर अंथरलेल्या भाताच्या तुसावर लाकडी चमच्याने पांढरं भस्म टाकत होते. बोट मात्र लावत नव्हते.

"सुनबाईंना पुढं करा."

क्रिस्टिना पुढे आली. बाबांनी कमंडलू ओतला. चर्र करून पांढरे लोट उठले. कुणी क्रुसाची खूण केली, कुणी हात जोडले. देव कुठलाही असो, धूर सगळ्यांना पटतो.

"हिचीच नजर जळतेय," बाबा म्हणाले. "ही घरात आली आणि पाखरं मरू लागली. नाताळाआधी माहेरी धाडा."

बर्थाला सून आवडायची. पण दोनशेतली चाळीस पाखरं गेली होती आणि तिची झोप उडाली होती. तिने मान खाली घातली. "बाय, थोडे दिवस जा गं."

क्रिस्टिनाचे वडील कळंबला घरांना चुना लावत. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की पिंप कसं उकळतं, हे ती लहानपणापासून पाहत आली होती.

"जाते, आई. बाबा, वाटेसाठी थोडं भस्म द्या."

भर सभेत नाही कसं म्हणणार? बाबांनी तिने पुढे केलेल्या पत्र्याच्या डब्यात दोन चमचे टाकले. क्रिस्टिनाने डबा जमिनीवर ठेवला आणि ती पार विहिरीपलीकडे जाऊन पाठ करून उभी राहिली.

"आई, आता त्यात साधं पानी ओता."

बर्थाने ओतलं. डबा खदखदला, वाफ थेट तिच्या तोंडावर आली.

"आता ही कुनाची नजर, बाबा?" शेजारच्या अँथनीने विचारलं. बाबांना अचानक विरारचा एक आजारी भक्त आठवला आणि ते लगबगीने निघाले.

क्रिस्टिनाने शेडमधलं मूठभर तूस दाबलं. त्याचा चिखलासारखा गोळा झाला. पाण्याची भांडी गळत होती, आणि बाबांच्या सांगण्यावरून बर्था महिनाभर रोज सकाळी मंतरलेलं पाणीही शिंपडत होती. ओल्या तुसात विष्ठा कुजते, तिचा उग्र वायू पाखरांच्या डोळ्यांना झोंबतो, रोग पसरतो. सासूसुनेने ओलं तूस उपसलं, गिरणीतून कोरडं आणलं, भांडी उंच टांगली, रोज दाताळ्याने तूस उलटं केलं. नाताळापर्यंत मर थांबली.

"पानी मीच ओतत होते गं," बर्था सगळ्यांसमोर म्हणाली, "आन् घराबाहेर तुला काढत होते."

तेव्हा मंडळी, पाखरं मरू लागली तर आधी तूस मुठीत दाबून पाहा. घरच्या माणसाकडे बोट दाखवण्याआधी एवढं तरी करा. त्याला कुठला बाबा लागत नाही.