कप्तानाची खुर्ची

अंतराळयानाची मालिका बंद पडली, सेट मोडीत निघाला, तेव्हा सेटवरच्या सुतारानं कप्तानाची खुर्ची घरी आणली. बारा वर्षं त्याची आई तिच्यात ठाण मांडून होती. आता मालिकेचा शेवट सांगणारा टीव्ही-चित्रपट निघाला आणि खुर्चीला बोलावणं आलं.

"परत आणशील ना रे?"

"आणतो की," तो म्हणाला. पटकथेच्या शेवटच्या पानावर यान जळून खाक होतं, हे त्यानं सांगितलं नाही.

जाळण्यासाठी त्यानं गुपचूप हुबेहूब दुसरी खुर्ची बनवली. ती इतकी बेमालूम जमली की ऐन वेळी तोच फसला. राखेत जुने पितळी स्क्रू दिसले, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

नवी खुर्ची त्यानं मुकाट्यानं घरी नेली. आई बसली, खुर्चीचा डावा हात हलवून पाहिला.

"हा डुगडुगत नाही."

"दुरुस्त केला," तो चाचरत म्हणाला.

"बारा वर्षं कानीकपाळी ओरडत होते, तेव्हा हात लावला नाहीस," आई म्हणाली. "आण तो पाना, कर ढिला पहिल्यासारखा."