मास्तरांचा उजवा खिसा

मास्तरीणबाईंनी कोटाचा डावा खिसा उलटा करून व्हॅक्यूमच्या नळीपुढे धरला. उजवा मात्र मुठीत आवळून ठेवला.

"तोही दाखवा ना, आजी," तपासणीवाली मुलगी म्हणाली.

बर्फावर उतरण्याआधी प्रत्येकाचे बूट, शिवणी, खिसे साफ करायचे, असा जहाजाचा नियम होता. बाहेरचं एकही बी तिथे पडता कामा नये. समोर किनाऱ्यावर पेंग्विनांची ही गर्दी, आणि बाईंचा पाय निघेना.

कोट मास्तरांचा होता. वनस्पतिशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण दिसेल ते बी खिशात टाकायची खोड काही गेली नाही. डावा खिसा फाटका, म्हणून सगळं उजव्यात. धुण्याच्या मशीनमधूनही बिया निघायच्या. "खिसे झाडत जा हो," असं बाईंनी एकेचाळीस वर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं. ही सहल मास्तरांनीच ठरवली आणि चार महिन्यांपूर्वी ते गेले. त्यांच्या जागी नणंद सोबत आली. बाई कोट घालत, पण उजव्या खिशात हात घालत नसत. त्यांचं शेवटचं काही असलंच, तर ते तिथेच असू दे.

"मी वरच थांबते. दुर्बिणीतून दिसतं की सगळं."

"वहिनी, इतक्या लांब येऊन? दादाला काय वाटेल?" नणंद म्हणाली.

बाईंनी मूठ सोडली. मुलीने खिसा उलटा केला. आत काहीच नव्हतं. कोपऱ्यातली धूळसुद्धा कोणीतरी चिमट्याने वेचून काढली होती.

"वा! हा तर आधीच साफ केलाय."

जहाजाची नियमपुस्तिका मास्तरांनी पेन्सिलने खुणा करत वाचली होती, ते बाईंना आठवलं. माझं नाही ऐकलं, जहाजाचं बरं ऐकलं! त्यांना आधी रागच आला, मग डोळे भरून आले.

"फेकल्या असतील का गं त्यांनी?"

"दादा? आणि बिया फेकणार?" नणंद म्हणाली. "गॅलरीतली ती रिकामी कुंडी आहे ना, तू सवयीने पाणी घालतेस ती? निघताना तिच्यात कोंब दिसले मला. चार-पाच, सगळे वेगवेगळे. तण समजून उपटणारच होते."

"उपटलेस?"

"तेवढ्यात खाली टॅक्सी आली."

बाईंनी डोळे पुसले, हात उजव्या खिशात घातला आणि शिडीकडे निघाल्या.

"जहाजावरून शेजारणीला फोन लागतो का बघ," त्या मागे न वळता म्हणाल्या. "पाणी घाल म्हणावं. रिकाम्या कुंडीलासुद्धा."