रावजीमामाने न विकलेला बैल

भिकाजीच्या चित्राला कोणी चांगलं म्हटलं की भिकाजीला घाम फुटायचा. समोरच्याची काहीतरी गफलत होते आहे आणि ती आपण वेळीच दूर केली पाहिजे, असं त्याला मनापासून वाटायचं.

देवरूखच्या पोस्टमास्तरांनी त्याच्या ओसरीवर लक्ष्मीचं चित्र पाहिलं आणि विचारलं, "कितीला देणार?" तर भिकाजी म्हणाला, "मास्तर, घेऊ नका. कमळ बघा जरा. कोबी वाटतो. आणि हत्तीच्या सोंडेत मी कुठंतरी वाट चुकलोय." मास्तरांनी चष्मा काढून, पुसून पुन्हा बघितलं. तोवर त्यांना हत्तीत काही खोट दिसली नव्हती, आता सोंडेखेरीज काही दिसेना. छत्री उचलून ते निघून गेले. सखू, म्हणजे भिकाजीची बायको, आतून हे सगळं ऐकत होती. तिने भाकरी अशी थापली की परातीला पोचा आला.

भिकाजी मुंबईत सात वर्षं नाटक कंपनीचे पडदे रंगवत होता. राजवाडा, घनदाट जंगल, तुरुंग, सगळं झपाट्याने रंगवायचा. मग बोलपट आले, कंपनी बसली, आणि भिकाजी रंगांचे डबे घेऊन आगबोटीने घरी आला. देवरूखपासून दोन मैलांवरच्या वाडीत राजवाड्याचा पडदा कोणाला हवा होता? म्हणून तो मांजरपाटाच्या लहान तुकड्यांवर चित्रं काढू लागला. चित्रं झकास होत. ती फुकट जात. कोणी नुसतं "वा" म्हटलं की हा चित्र गुंडाळून त्याच्या काखेत देई, वर माफी मागे.

"अवो, तुम्हाला दलाल पायजे," सखू म्हणाली.

"चित्रांना कुठं दलाल असतो?"

"बैलांना असतो. मामाला बोलावतंय मी."

सखूचा मामा रावजी हा गुरांचा हेडी, म्हणजे दलाल. संगमेश्वरापासून घाटापर्यंत त्याच्या हातून न गेलेला बैल विरळा. आंधळा बैल तो 'लाजाळू' म्हणून विकी आणि मारका 'तरतरीत' म्हणून. दुसऱ्या दिवशी तो आला, पान तोंडात टाकलं आणि भिंतीला लावलेल्या चित्रांसमोर हात मागे बांधून उभा राहिला. मग तो चित्रांच्या मागे गेला. चौकटीवर दोन थापा मारल्या. एका चित्राचा वास घेतला.

"ह्याचं वय काय?"

"गेल्या शिमग्यातलं," भिकाजी म्हणाला.

"तरणंच हाय म्हणायचं. पावसात टिकतं? धुराला बुजत नाय ना?"

"मामा, ते चित्र हाय."

"माल तो माल. रुपयाला दोन आणे माझे. आणि एक अट. गिऱ्हाईक समोर असताना तू तोंड उघडायचं नाय."

"पण काही विचारलं तर?"

"तू मौनात हायस. एका साधूने तुला सांगितलंय, बोललास तर हात थरथरेल. मी बघतो पुढचं."

"असा कुठला साधू मला भेटलाच नाय," भिकाजी म्हणाला.

"भेटला असता तर तुम्ही बोलून त्यालापण पळवला असतात," सखू म्हणाली, आणि विषय मिटला.

पहिलं गिऱ्हाईक हुसेन नाखवा. हा जयगडचा, स्वतःचे तीन शिडाचे मचवे असलेला माणूस. नव्या मचव्यासाठी साग बघायला देवरूखला आला होता. रावजीने त्याला बाजारातच गाठला आणि ओसरीवर आणून मचव्याच्या चित्रासमोर बसवला. भिकाजी कोपऱ्यात तोंड मिटून बसला. नाखव्याने दाढीवरून हात फिरवला, पुढे वाकला, मागे रेलला.

"रावजी, हे काय रे? शीड फुगलंय इकडं, नि निशाण फडफडतंय तिकडं. मचव्याला दोन वारे लागतात काय?"

चूक खरीच होती, आणि भिकाजीला ती त्याच क्षणी दिसली. 'नाखवा, तुम्ही अगदी बरोबर' एवढे चार शब्द त्याच्या घशाशी येऊन उभे राहिले. त्याने गुडघा घट्ट धरला. रावजीने जन्मात खाडीपलीकडचं पाणी पाहिलं नव्हतं, पण तो डगमगला नाही.

"नाखवा, तुमच्यावर कधी वारा फिरला नाय काय?"

नाखवा थांबला. "फिरला की. आठ वर्षं झाली. जयगडच्या तोंडाशीच. शीड भरलेलं नि वारा एकदम उलटा. माझा भाऊ मुसा कलमा पढायला लागला." तो चित्राजवळ सरकला. "निशाण अस्संच झालं होतं बघ. अस्संच! आधी निशाणाला कळलं, मग शिडाला." त्याने भिकाजीकडे डोळे मोठे करून बघितलं. "ह्याला कसं ठाऊक? हा होता काय तिथं?"

"तो बोलत नाय," रावजी हळूच म्हणाला.

भिकाजीच्या डोळ्यांत शरमेने पाणी आलं. नाखव्याला ते पाणी दिसलं आणि त्याने घासाघीस न करता पंधरा रुपये काढून ठेवले.

तिथून सगळं भलत्याच दिशेला गेलं. मौनी चितारी म्हणून भिकाजीचं नाव पसरलं. पलीकडच्या वाडीतली गोदा रडत आली, तिची म्हैस दोन दिवस हरवली होती. भिकाजीला काय बोलावं कळेना, आणि बोलायचं तर नव्हतंच. तेवढ्यात एक गांधीलमाशी आली. त्याने ती कुंचल्याने नदीच्या दिशेला हाकलली. गोदा धावत नदीवर गेली, तर म्हैस पाण्यात नाकापर्यंत बसलेली. उन्हाळ्यात म्हैस आणखी कुठे असणार? पण दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर नारळ यायला लागले. कोणी मुलीच्या लग्नाचं विचारी, कोणी विहीर कुठे खणू म्हणून. भिकाजी जिकडे कुंचला हलवी तिकडे माणसं निघत. दोघांनी विहीर खणायला सुरुवात केली, आणि त्यातल्या एकाला पाणी लागलं सुद्धा.

चित्रं मात्र विकली जात होती. घरात भिकाजीने कुजबुजत बोलायचं असं ठरलं. सखूने सोलकढी, नारळाच्या वड्या, नारळाची चटणी केली, शेजाऱ्यांना वाटून झालं, तरी नारळ संपेनात.

"मला शरम वाटते," भिकाजी एकदा कुजबुजला.

"मला नाय वाटत," सखू चांगली मोठ्याने म्हणाली. "जेवा."

माघात भिकाजीने एक बैल काढला. देवरूखच्या बाजाराच्या कडेला, जांभळीखाली, एक म्हातारा पांढरा बैल बसलेला त्याने पाहिला होता. बाजाराचा सगळा गोंधळ चाललेला, आणि तो पाय दुमडून, अर्धे डोळे मिटून रवंथ करत होता. भिकाजीने तो तसाच काढला. काढून झाल्यावर पहिल्यांदाच त्याला आपल्या चित्रात काही चूक सापडेना. दोन दिवस त्याने शोधली, आणि मग घाबरून नाद सोडला.

रावजी आला तेव्हा तो नेहमीप्रमाणे मागे गेला नाही, थापा मारल्या नाहीत, वासही घेतला नाही. पान चघळायचं थांबवून उभा राहिला. मग म्हणाला, "हा आत ठेव. ह्याला गिऱ्हाईक नाय मिळणार."

पण गिऱ्हाईक आपल्या पायाने आलं. आप्पा खोत. जाडजूड, हौशी माणूस, दिवाणखान्यात टांगायला काहीतरी भारदस्त हवं म्हणून आलेला. त्याने दारातूनच आतला बैल पाहिला. "तो दाखवा!"

सखूने चित्र बाहेर आणलं. भिकाजी कोपऱ्यात बसला. आता मामा बोलेल, असं समजून दोघं रावजीच्या तोंडाकडे बघू लागले.

"आप्पा, हा नका घेऊ," रावजी म्हणाला. "खांदा पडलाय. शेपूट आखूड. डोळ्यात दोष हाय."

खोत वाकून बघू लागला. "दोष?"

"आणि पुढचा पाय बघा. दुमडलाय कसा? असा पाय दुमडत नाय बैल. चुकलाय चितारी."

भिकाजीच्या कानशिलात काहीतरी तापलं. हे शब्द तो जन्मभर स्वतः बोलत आला होता. दुसऱ्याच्या तोंडून ते इतके खोटे लागतील याची त्याला कल्पनाच नव्हती. खोत मान हलवून उठायला लागला आणि भिकाजी ताडकन उभा राहिला.

"कुठं चुकलाय पाय? मामा, कुठं चुकलाय दाखवा!"

ओसरीवर पाच-सहा माणसं नारळ घेऊन बसली होती. "बुवा बोलले!" म्हणून एकाने हात जोडले. एक म्हातारी उठून पळाली.

"हा पाय बरोबर हाय!" भिकाजी ओरडला. "खांदा बरोबर हाय! असा बैल मी आजवर काढला नाय नि तुम्ही आजवर विकला नाय!"

"मग सांग किंमत," रावजीही चिडून म्हणाला. "सांग! आप्पा, मीपण घेणार हाय. होऊन जाऊ दे."

"तू घेणार?" खोत म्हणाला. "खांदा पडलेला बैल?"

रावजीने खांद्यावरचा पंचा झटकला. बाजाराची रीत अशी, की भाव तोंडाने सांगायचा नाही, कापडाखाली एकमेकांची बोटं धरून ठरवायचा. "एका बोटाला दहा," रावजी म्हणाला. पंचा पसरला गेला. एका बाजूने खोताचा हात आत गेला, दुसऱ्या बाजूने रावजीचा, आणि मध्ये भिकाजीचे दोन्ही. भिकाजीला ह्या बोटांच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. रागाच्या भरात हाताला जे लागलं ते त्याने दोन्हीकडे मुठीत गच्च आवळलं. पाचच्या पाच बोटं.

खोताने विंचू चावल्यासारखा हात बाहेर ओढला. "पन्नास! पन्नासात खरा बैल येतो! तो नांगर तरी ओढतो!"

"त्याला वैरण लागते," सखू दारातून म्हणाली.

खोत चपला शोधत निघून गेला. त्याच्यामागून नारळवालेही एकेक करून उठले. कोणी कोणी आपला नारळ परत घेऊन गेले. पंच्याखाली रावजीचा हात मात्र तसाच होता.

"सोड आता," तो म्हणाला. "बोटं मोडशील. दिले पन्नास."

भिकाजीने हात सोडला. त्याचा राग उतरला होता आणि घाम फुटायला लागला होता. "मामा, मग दोष कशाला काढलात?"

"घेताना काढायचेच असतात." रावजी चित्राजवळ जाऊन बसला. मग म्हणाला, "चाळीस वर्षं बैल बघतोय. मला लांबून बघितलं की सगळे उठून उभे राहतात. त्यांना कळतं, हा आला म्हणजे आता जायचं. कुठलाच माझ्यासमोर असा बसून राह्यला नाय." त्याने नाक पुसलं. "हा बघ. मला बघतोय नि चघळतोय."

सखूने त्याला सोलकढी दिली. नारळ अजून होतेच.

रावजीने पन्नास रुपये खरोखर दिले, दोन हप्त्यांत आणि कुरकुरत. भिकाजीचं मौन सुटलं ते सुटलंच. पण आता नवीनच पंचाईत झाली. त्याला आपल्या चित्रांचं कौतुक करायची चटक लागली. हेदवीहून आलेल्या एका भटजींना त्याने एका आंब्याच्या फांदीबद्दल दीड तास सांगितलं. भटजींची संध्याकाळची गाडी चुकली. शेवटी सखूच ओसरीवर बसायला लागली. गिऱ्हाईक आलं की भिकाजीला परसात पाठवी, भाव एकदाच सांगे आणि पुढे तांदूळ निवडत राही. तिच्यासमोर घासाघीस करायला कोणी धजत नसे. रावजी आपल्या बैलांकडे परत गेला.

तो बैल त्याने पडवीत, बसायच्या बाकासमोर लावला. दुपारी जेवून तो त्याच्यापुढे पान लावत बसायचा. वैशाखात सखू आणि भिकाजी त्याच्याकडे गेले तेव्हा अंगणात एक वाटसरू उन्हाने लाल होऊन उभा होता आणि रावजी बाकावरून हात हलवत त्याला ठणकावून सांगत होता, "तो विकायचा नाय! शंभर दिलेस तरी नाय!"

"अवो, मी पाणी मागतोय," वाटसरू म्हणाला.