तिघांचं उत्तर

तीन न्यायमूर्ती एका ओळीत बसले की माणसाच्या नशिबाचा कायमचा निकाल लागतो. एकसष्ट साली माझी अशी श्रद्धा होती. ती साधारण साडेअकरापर्यंत टिकली.

माझे यल्लाप्पामामा चिकपेटेत शिंपी. दुकानाच्या उघड्या फळीवर चोरीचा तागा सापडला म्हणून त्यांच्यावर खटला झाला. मॅजिस्ट्रेटनं सोडलं, तर सरकार अपिलात हायकोर्टात गेलं. तिथले दोघे न्यायमूर्ती अडले. कोणाचाही हात पोचेल अशा फळीवरचा माल दुकानदाराच्याच ताब्यात धरायचा का? पूर्वी एका जोडीनं हो म्हटलं होतं, दुसरीनं नाही. म्हणून तेवढा एकच प्रश्न तिघांपुढे गेला.

इकडे मामांच्या मुलीचं, चंपाअक्काचं, लग्न खोळंबलेलं. मुलाचे वडील, आनेकलचे मालोजीराव, म्हणाले होते, "मोठ्या कोर्टाचं होऊ दे, मग सुपारी फोडू."

त्यामुळे कब्बन पार्कातल्या हायकोर्टाच्या लाल इमारतीत आम्ही अकरा जण गेलो, चित्रान्नाच्या डब्यासकट. व्हरांड्यात तेव्हा इतकी शांतता असे, की शिपायाच्या वहाणांचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायचा. इंग्रजी कळणारा मी एकटा, इंटरचा.

मधल्या न्यायमूर्तींनी वाचलं. प्रश्नाचं उत्तर 'नाही'. अपील पुन्हा त्या दोघांकडे जावं. तिघे उठले.

बाहेर येताच मालोजीरावांनी माझा दंड धरला. "काय म्हणाले रे?"

"नाही म्हणाले."

"तिघंही?"

"तिघंही."

"मग सुटले की यल्लाप्पा!"

"स्वल्प थांबा, अजून दोघांकडे—"

"तिघं जज्ज नाही म्हणाले, आणि तू कोण रे चौथा?" अंबूमामी कडाडल्या.

चंपाअक्का खांबाला टेकून उभी होती. तिनं माझ्याकडे एकदाच पाहिलं. मी पुढ्यात आलेलं चित्रान्न खाऊ लागलो.

सुपारी तिथंच, पार्कातल्या झाडाखाली फुटली. मामा न्यायमूर्तींच्या पाया पडायला जिन्याशी तासभर उभे राहिले. ते दुसऱ्या जिन्यानं गेले होते. पंधरा दिवसांत लग्न लागलं. तसं चित्रान्न मला पुन्हा कुठं मिळालं नाही, आणि तशी धास्तीही. उलट निकाल लागला तर मांडवातल्या प्रत्येकाला काय सांगायचं, ते मी इंग्रजीत पाठ करत होतो.

सात महिन्यांनी सरकारचं अपील त्या दोघांपुढे आलं आणि चार मिनिटांत फेटाळलं गेलं. त्या दिवशी आमच्याकडचं कोणीही कोर्टात नव्हतं.